गैरमुल्क्याचा विमा

निजामाच्या अमलात मी परभणीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होतो. मूळचा मात्र बार्शीचा, इंग्रजी हद्दीतला. म्हणजे सरकारदरबारी गैरमुल्की, परका. आयुष्याचा विमा काढायचं ठरवलं तेव्हा एकच धास्ती होती. मी इथं मेलो आणि बायको माहेरी बार्शीला गेली, तर सरहद्दीपलीकडं तिला पैसे मिळतील का?

दोन एजंट आले. पहिला अत्तर लावून आलेला. काहीही विचारलं की म्हणायचा, "मिळणार साहेब, बेफिकीर राहा!" दुसरा जवळच्याच पिंगळी गावचा, कपाळाला कायमची आठी. आमच्या घरचा चहासुद्धा त्यानं आधी हुंगून पाहिला.

"तुमी तिकडं जाऊन मेल्याचं सोंग केलं तर?" त्यानं मलाच विचारलं. "परक्या माणसाचं काय सांगावं! अंगावरची खूण दाखवा. तुमचं तोंड वळखणारे दोन मुल्की साक्षीदार आणा."

मी भडकलो. "मी काय चोर वाटलो तुम्हाला?"

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, यांच्याकडंच काढा. ज्याला द्यायचंय तोच घासाघीस करतो. त्या अत्तरवाल्याला द्यायचंच नाही, म्हणून तो कशालाही हो म्हणतो."

मी मुकाट्यानं सदरा वर करून पाठीवरचा डाग दाखवला.

पुढं दरवर्षी हप्ता न्यायला आला की तो आधी डाग नीट निरखायचा आणि मग खुलून हसायचा. मी जिवंत असल्याचा एवढा आनंद त्या मुलखात दुसऱ्या कुणालाच होत नव्हता. बायकोलासुद्धा!