पहिल्या स्लिपमधले साहेब

आमच्या कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये पहिल्या स्लिपला उभं राहायला एकच पात्रता लागायची, ती म्हणजे केबिन. ज्याला केबिन, त्याला स्लिप. तिथे पळावं लागत नाही, विकेटकीपरशी गप्पा मारता येतात, आणि चेंडू आलाच तर इतक्या जोरात येतो की सुटला तरी अब्रू शाबूत राहते. आमचे पर्सोनेल मॅनेजर साहेब त्या जागेवर सहा सीझन उभे होते. पांढरी गोल टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर चहाच्या किटलीकडे. सहा सीझनमध्ये त्यांनी एकच कॅच घेतला होता, तोही पोटावर अडकला म्हणून. तो चेंडू त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला असे.

मी अंधेरीच्या त्या रंगांच्या कारखान्यात डिस्पॅचला क्लार्क होतो आणि टीमचा चौथा बॉलर. माझा चेंडू सरळ जायचा आणि बहुतेक वेळा सरळच परत डोक्यावरून जायचा. पाचवा बॉलर रिटायर झाला होता. चौथ्याला चेंडू जुना मिळतो आणि पाचव्याला तो मऊ झाल्यावर मिळतो, एवढाच काय तो आमच्यातला फरक. पण पाचवा चांगला निघाला तर चौथ्याची वाट लागते. हे मला तेव्हाच माहीत होतं, मागाहून उमजलं वगैरे नाटक मी करणार नाही.

देशाने वर्ल्ड कप जिंकला, त्याच्या पुढच्या सीझनला साहेबांच्या अंगात आलं. टीमसाठी म्हणून त्यांनी एका पोराला टेम्पररी घेतलं. बावीसएक वर्षांचा, काटकुळा, पायात कॅनव्हासचे बूट. राहायला कांदिवलीला. वडील गिरणीत होते, पण संपानंतर गिरणी सुरू झाली ती त्यांना वगळून. आता घरात कमावणारा हा एकटा.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अरे, तू बॉलर आहेस. सीझनभर याच्यावर नजर ठेव आणि मार्चमध्ये लेखी रिपोर्ट दे. चांगला असेल तर परमनंट करू. नाहीतर किती दिवस पोसायचा?"

बारा वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच कुणीतरी मत विचारलं होतं. छाती फुगवून बाहेर आलो. बोरीवलीला घरी पोचल्या पोचल्या बायकोला सांगितलं. तिने पीठ मळता मळता विचारलं, "तुम्हाला कळतं का हो बॉलिंगमधलं?" मी कोरी डायरी शोधायला लागलो. असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार, कपाळ?

पहिली मॅच मुलुंडला होती. मी मिडऑफला, खिशात डायरी. पोराने रनअप मोजला, तेव्हाच मी मनात नोंद केली की रनअप फार लांब, हा काय बस पकडायला पळतोय का! उडी जास्त. हात जरा खाली. असा मी दोष वेचत होतो आणि त्याचा तिसरा चेंडू पडला. मॅटवर सरळ टप्पा, बॅट्समन खेळायला पुढे आला आणि शेवटच्या क्षणी चेंडू बाहेर निघाला. बॅटची कड लागली आणि चेंडू थेट पहिल्या स्लिपमध्ये गेला, छातीच्या उंचीवर, अगदी हातात दिल्यासारखा.

साहेबांच्या मनगटावर आपटून तो खाली पडला.

"हार्ड लक, सर!" पोरगा सोडून आम्ही नऊच्या नऊ जण एका सुरात ओरडलो. "ऊन आलं रे डोळ्यांवर," साहेब म्हणाले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं.

पोरगा पिचच्या मधोमध डोक्याला हात लावून उभा. मी धावत गेलो. "हात खाली घे. सॉरी म्हण."

"कुणाला?"

"साहेबांना."

"मी?"

"मग काय मी म्हणू? बोल लवकर!"

"सॉरी, सर," तो म्हणाला. साहेबांनी मोठ्या मनाने मान डोलावली. "ठीक आहे, ठीक आहे. पण जरा बघून टाकत जा."

पुढच्या दोन मॅचमध्ये आणखी पाच कॅच सुटले. सगळे त्याच्याच चेंडूवर, सगळे साहेबांकडून. आमच्या बाकीच्या बॉलरांच्या चेंडूला कड लागायचीच नाही, त्यामुळे आमच्यावर साहेब खूश. तिसऱ्या मॅचला बायको डबा घेऊन आली होती. तिने बाउंड्रीवरून सगळं पाहिलं आणि लंचमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, त्या टोपीवाल्यांना तिथे का उभं करतात? त्यांना कॅच येत नाही ना?" मी तिच्या ताटात भराभर भात वाढला. नशीब, साहेब तेव्हा लोणचं शोधत होते.

त्या मॅचमध्ये साहेबांचं उजव्या हाताचं बोट सुजलं. सोमवारी त्यांना सही करता येईना. अख्ख्या कारखान्याचे रजेचे अर्ज अडकले. गणपतीला गावी जायला नाही मिळालं तरी लोक एवढे चिडले नसते. जो तो मला येऊन म्हणे, तुमच्या त्या नव्याला आवरा यार.

मग मी त्याला कॅन्टीनमागे गाठलं. "तुझा तो बाहेर जाणारा चेंडू बंद कर. आत आण."

"दादा, मला तोच एक चांगला येतो."

"साहेबांच्या बोटाला लागतंय. परमनंट व्हायचंय ना तुला?"

"तुम्ही म्हणता तसं," तो म्हणाला.

आणि खरोखरच त्याने तसं केलं. पुढच्या दोन मॅच तो चेंडू आत आणत राहिला. आत येणारा चेंडू पायांवर यायचा आणि बॅट्समन त्याला लेगला कुठेही भिरकवायचे. एकदा तर चेंडू गटारात गेला, तो मीच काढून आणला. साहेब स्लिपमध्ये निवांत उभे होते, चहाही वेळेवर झाला. सीझन संपला तेव्हा पोराच्या नावावर एक विकेट होती, तीही बोल्ड.

मार्चमध्ये मी फॉर्म घेऊन घरी बसलो. मॅच, ओव्हर, रन, विकेट, शेरा, असे रकाने होते. विकेटच्या रकान्यात एक लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'दिशेवर ताबा नाही. लेग स्टंपवर मार खातो. विकेट घेण्याची क्षमता दिसली नाही.' अक्षर मात्र सुरेख काढलं.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "आणि ते सुटलेले कॅच?"

"त्याला रकाना नाही."

"आत आण म्हणून तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"

"त्यालाही रकाना नाही! तू भाजी बघ, करपतेय."

भाजी करपत नव्हती. मला लाज वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हायसं वाटत होतं. माझी चौथी जागा वाचली होती. चौतीस वर्षांचा पोट सुटलेला माणूस त्या जागेसाठी एका घराची चूल पणाला लावतो, आणि रात्री दोन पोळ्या जास्त खातो. नालायकपणा म्हणतात तो हाच.

महिनाअखेरीला त्याला नको म्हणून सांगितलं. जाताना तो डिस्पॅचला माझ्याकडे आला. मी खोक्यांमागे लपायच्या बेतात होतो, पण त्याने पाहिलं.

"दादा, तुम्ही चांगलंच लिहिलं असणार. वरून नाही झालं. जाऊ दे," तो म्हणाला. मग खिशातून जुना चेंडू काढला. "तुम्हाला एक गोष्ट दाखवू? तुमचा हात चांगला आहे, फक्त चेंडू सरळ जातो." त्याने माझं मधलं बोट चेंडूच्या शिवणीवर बसवलं. "सोडताना हे बोट असं खाली ओढायचं. मनगट नाही, फक्त बोट. बाहेर निघेल."

तो चेंडू माझ्या हातात ठेवून तो गेला. पुढे त्याला कुठे नोकरी लागली की नाही, मला माहीत नाही. विचारायचं तर कुठल्या तोंडाने विचारणार?

पावसाळाभर मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली भिंतीवर तो चेंडू टाकत बसलो. बायको म्हणायची, "शिकवलंन् हो त्याने तुम्हाला!" तिच्या बोलण्यातली धार मला कळत होती, पण बोट ओढायचं मी सोडलं नाही.

नव्या सीझनची पहिली मॅच पुन्हा मुलुंडलाच. पाचवा बॉलर नव्हताच, म्हणून त्याच्या ओव्हरही मला मिळाल्या. दुसऱ्याच चेंडूला बोट नीट ओढलं गेलं. सरळ टप्पा, बॅट्समन पुढे आला आणि चेंडू बाहेर निघाला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चेंडूला कड लागली. मी हात वर करून ओरडायला तोंडही उघडलं.

साहेबांच्या दोन्ही हातांत आलेला चेंडू त्यांनी खाली सोडला.

"हार्ड लक, सर!" मैदानभर घोष झाला. मी पिचच्या मधोमध उभा होतो, हात डोक्यावर. ते खाली घे म्हणून सांगायला मिडऑफवरून कुणी धावत आलं नाही. माझे मीच घेतले.

"सॉरी, सर," मी म्हणालो.

"ठीक आहे," साहेब बोट चोळत म्हणाले. "पण जरा बघून टाकत जा."

बाउंड्रीवर बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मागे गेलो, चेंडू हातात फिरवला, आणि पुढचा आत आणला.