तिचं पान, माझी बोटं

आधी एक क्लिअर करते. मला माझ्या मैत्रिणीचा राग येत नाही. तिला जी पत्रं येतात त्यांचा येतो. हा फरक मी आईला नीट समजावून सांगितला तेव्हा ती गवार मोडत बसलेली. वर न बघताच म्हणाली, दोन्हीत डोकं तुझंच दुखतंय ना, मग फरक कसला.

तर झालं असं. अठ्ठ्याण्णव साली नौपाड्यातला आमचा टायपिंग क्लास सायबर कॅफे झाला. म्हणजे सरांनी टाइपरायटर विकून टाकले, त्याच टेबलांवर कॉम्प्युटर बसवले आणि मॉडेम घेतला. बाकी सगळं तेच. भिंतीवरचा 'बोलू नये' हा बोर्डसुद्धा तोच. सर निवृत्त शिक्षक, पुण्याचे, एकदम शुद्ध बोलणारे. कोणी 'आलेलो' म्हटलं की 'आलो होतो' म्हणायचे आणि मग पुढे बोलू द्यायचे. मी राहते डोंबिवलीला, कॉलेज ठाण्यात, त्यामुळे लेक्चर संपलं की मी तिथेच. बॅचमध्ये सगळ्यात फास्ट मी होते. कीबोर्डवर फडकं टाकून सर टाइप करायला लावायचे तेव्हासुद्धा माझी बोटं थांबायची नाहीत. आई म्हणते, तोंडाचं पण तसंच आहे.

इंटरनेट आलं आणि मी वेडीच झाले. फुकट पान काढता येतं, त्यावर काय वाट्टेल ते लिहा, जगात कोणीपण वाचणार. मी लगेच काढलं. खाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर, त्याच्या खाली गेस्टबुक, म्हणजे वाचणाऱ्याने दोन ओळी लिहून जायची जागा. आणि लिहायला डोंबिवली होतीच. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून सगळे कोणाला बघायला येतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून कोण कोणाशी बोलायचं बंद झालं, पाण्याची टाकी गळायला लागली त्याचं राजकारण. सगळं लिहिलं. लांबलचक. जवळजवळ रोज.

गेस्टबुकमध्ये कोण आलं? कल्याणचा माझा मावसभाऊ. त्याने लिहिलं, मस्त, आणि खाली विचारलं, माझी कॅसेट कधी परत देतेस. दुसरा एक जण आला, त्याला फ्रेंडशिप करायची होती. काउंटर मात्र भराभर वाढत होता. मी जाम खूश. मग कळलं की मी स्वतः पान उघडून बघितलं तरी तो वाढतो. मी दिवसभर तेच तर करत होते.

आता ही मैत्रीण. बाळकुमची, कोळ्यांची. टायपिंगला माझ्याच बॅचला होती. दोन बोटांनी टाइप करायची आणि प्रत्येक अक्षर सापडलं की हसायची. सरांनी तिचा नाद सोडलेला. पण बोलायला लागली की बाजूच्या टेबलावरचे हात थांबवून ऐकायचे. एकदा म्हणाली, माझं पन एक पान काढ ना गं. मी काढून दिलं. ती सांगायची आणि मी टाइप करायची, शनिवारी, कॉलेज सुटल्यावर. महिन्यातून दोनदा, जास्तीत जास्त एका चहात संपेल एवढंच. पहिल्या शनिवारी आमच्या वाट्याला जो कॉम्प्युटर आला त्यावर मराठी फॉन्ट नव्हता, म्हणून मी तिचं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. तिला काही फरक पडत नव्हता.

पहिलंच पान खिडकीचं. बाळकुमला खाडीकडे नवीन कॉम्प्लेक्स उभं राहिलेलं. तिची आई अंगणात सुकट वाळत घालते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई नाकाला पदर लावून धाडकन खिडकी बंद करायच्या. तर तिची आई खालून म्हणाली, "लावू नको गं ताई खिडकी. वास आत गेलाय, आता तो बाहेर कसा येल?" आणि संध्याकाळी त्याच बाई खाली येऊन, मिस्टरांना आवडतं म्हणून, वाटा कसा दिला ते विचारत होत्या. बस. एवढंच पान. मी टाइप करता करता इतकी हसले की सरांनी बोर्डकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या शनिवारी तिचं गेस्टबुक उघडलं तर भरलेलं. अमेरिकेतून, बहारीनहून, लंडनहून. कोणी लिहिलेलं, मी मूळची ठाण्याची, ऑफिसात वाचलं आणि रडू आलं. कोणी लिहिलेलं, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. एकाने निवटी, म्हणजे खाडीतला तो बुळबुळीत मासा, कशी साफ करतात ते विचारलेलं. आणि त्या सगळ्यांना उत्तरं कोणी टाइप केली? मी. ती सांगायची, लिही, आईसने नमस्कार घेतला. मी लिहायची. निवटीला राख लावून चोळायची, नायतर हातात थांबत नाय, हेसुद्धा मीच लिहिलं. आमच्या घरात अंडं शिजत नाही.

मी रोज लिहिते. मी शुद्ध लिहिते. मी मुद्द्याचं लिहिते. आणि मला काय मिळतं, तर कॅसेट.

मग एक दिवस माझ्या गेस्टबुकात कॅनडाहून कोणीतरी इंग्रजीत लिहिलं की तुमच्या पानात काहीतरी बिघाड आहे, नुसती चिन्हं दिसतायत, प्रश्नचिन्हं आणि डॉलर. मी सरांना दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, मराठी फॉन्ट ज्याच्या कॉम्प्युटरवर असेल त्यालाच ते दिसणार ना. तो फॉन्ट सरांच्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर होता. माझं लिहायला मी कायम चार नंबरला बसायचे. म्हणजे इतके महिने मी जगासाठी जे लिहीत होते ते अख्ख्या जगात चार नंबरलाच वाचता येत होतं. मावसभावाने तर न वाचताच मस्त लिहिलेलं.

आता खोटं कशाला बोलू, मला रागाबरोबर हायसं वाटलं. हे होतं तर कारण. लोकांना माझं आवडत नव्हतं असं नाही, त्यांना दिसतच नव्हतं. मी झपाटल्यासारखं सगळंच्या सगळं इंग्रजी अक्षरांत परत टाइप केलं. बोटं सुजली. पान चढवलं आणि वाट बघितली. यावेळी काउंटर खरा वाढला, मी हात न लावता. लोक आले, वाचलं असेल, आणि गेले. कोणी एक अक्षर लिहिलं नाही. आधी निदान फॉन्टवर ढकलता येत होतं. आता तेपण गेलं.

एवढ्यात एका परदेशातल्या मराठी मंडळाने जाहीर केलं की त्यांच्या साइटवर दर पंधरा दिवसांनी इकडून कोणीतरी लिहायचं, घरून पत्र आल्यासारखं. नमुने पाठवा. जागा एकच. मला ती हवी होती. किती हवी होती हे सांगायला पण लाज वाटते. पैसे वगैरे काही नव्हते, पण वाचणारे होते. आयते, शेकड्यांनी, आणि गेस्टबुकात लिहिणारे. मी तीन नमुने पाठवले, प्रत्येक चारदा सुधारून. मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, पाठव काय ते. तिचं खिडकीचं पाठवलं, जसंच्या तसं.

तिला ईमेल नव्हता, म्हणून दोघींचं उत्तर माझ्याच ईमेलवर आलं. त्यामुळे तिची निवड झाल्याचं सगळ्यात आधी मला कळलं. माझ्यासाठी खाली एक ओळ होती, आपल्या लिखाणाची तळमळ जाणवते. तळमळ.

मी तिला सांगितलं. ती चणे खात होती. उडी नाही, किंचाळणं नाही, काहीच नाही. म्हणाली, "बरं. तू टाइप करशील ना पन?"

मी म्हटलं, माझी परीक्षा आहे.

परीक्षा होती, पण तिला अजून वेळ होता. मी ठाण्याच्या कॅफेत जायचंच बंद केलं. म्हटलं, बघू दे आता कसं होतं. डोंबिवलीला आमच्या गल्लीच्या टोकाला नवीन कॅफे निघालेला, तिथे जाऊन मी तिचं पहिलं पत्र उघडलं. तोपर्यंत सरांनीच तिचं टाइप करायला घेतलेलं, हे मला नंतर कळलं. पण वाचताक्षणी ओळखलं असतं कोणीपण.

पत्र नारळी पुनवेचं होतं. ते मी तिच्या तोंडून आधी ऐकलेलं. आजी खाडीला नारळ देताना तिच्याशी भांडते, गेल्या वर्षी तू काय दिलंस सांग, मंग मी नारल सोडते. आता स्क्रीनवर काय होतं, तर वयोवृद्ध आजी सागरदेवतेस श्रीफळ अर्पण करतात व कृपेची याचना करतात. मावऱ्याची मासळी झालेली. आईस म्हनाली चं मातोश्री म्हणाल्या झालेलं. आजीचं भांडण गायब. सरांनी वाईट काही केलं नव्हतं, त्यांनी तपासून दिलं, जसे ते आयुष्यभर पेपर तपासत आले. खाली दोन-तीन जणांनी सभ्यपणे लिहिलेलं, माहितीपूर्ण.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला. कटिंग संपेपर्यंत टिकला. मग माझं डोकं जे सटकलं. कृपेची याचना? ती आजी? जिने नवऱ्याकडे कधी काही मागितलं नाही ती खाडीकडे याचना करणार? हे वाचून तिकडे कोणीतरी 'माहितीपूर्ण' म्हणतंय आणि त्या आजीला ओळखतच नाहीये. मैत्रिणीचं भलं व्हावं असं काही माझ्या मनात नव्हतं, हे लिहून ठेवते. मला वाईट टाइप केलेलं सहन होत नाही, एवढंच.

पुढच्या शनिवारी मी नौपाड्यात गेलेले. दारातूनच दिसलं. ती सरांच्या बाजूला खुर्चीच्या कडेवर बसलेली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी, हात मांडीवर. आणि सांगत होती, "त्यानंतर आम्ही होडी पाण्यात नेली होती." एकेक शब्द सांभाळून. सर मान डोलावून टाइप करत होते. म्हणजे आता सरांना बदलायची पण गरज उरली नव्हती. ती स्वतःच बदलून देत होती.

मी म्हटलं, सर, मी बसते.

सर म्हणाले, परीक्षा आटोपली का? मी हो म्हटलं. सर उठले, चष्मा पुसला आणि काउंटरला गेले. मी बसले. तिने माझ्याकडे बघितलं, मग कीबोर्डकडे.

"परीक्षा नव्हतीच ना," ती म्हणाली.

"राग आलेला मला."

"म्हाईत हाय."

आता बोललेच आहे तर म्हटलं विचारून टाकू. मी म्हटलं, मी एवढं लिहिते, रोज लिहिते, मग तुझंच का वाचतात लोक? तिने खरंच विचार केला. टिंगल नाही, काही नाही. मग म्हणाली, "मी तुला सांगते ना. तू हसलीस का पुढं सांगते, नाय हसलीस तर सोडून देते. तू कोनाला सांगतेस?"

इथे मला काहीतरी लख्ख समजलं असं लिहिलं तर किती छान दिसेल. नाही समजलं. मी अजूनच चिडले. कारण याचा अर्थ, टाइप तर मी करतेच, वर कुठे काय ठेवायचं तेपण माझ्याच हसण्यावर ठरतं, आणि नमस्कार जातो तिच्या आईला. हे मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की सरांनी परत बोर्ड दाखवला. मग म्हणाली, खाली तुझ्या पानाचा पत्ता टाक, हे टाइप करनारीचं पान म्हनून. मी टाकला. नको म्हणायला मी काही संत नाही.

आजीचं भांडण आम्ही परत घातलं, खाडीने काय उत्तर दिलं त्याच्यासकट. पत्रांचा पूर आला. आणि मंडळी खरंच खालच्या पत्त्यावरून माझ्या पानावर आली. माझ्या गेस्टबुकात पहिल्यांदा ओळखीपाळखीच्या बाहेरची माणसं. मी हावरटासारखं वाचलं. एक, खूप छान, तुमची मैत्रीण पुढचं कधी लिहिणार? दोन, आजींची तब्येत कशी आहे? तीन, टायपिंग उत्तम.

मी सगळ्यांना उत्तरं दिली. शनिवारी. बरी आहे. धन्यवाद.

गेल्या शनिवारी मॉडेम लागत नव्हता. तो आपला किर्र किर्र करत बसलेला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत. ती म्हणाली, तुमच्या त्या टाकीचं काय झालेलं गं, ज्याच्यावर तू एवढं लिहिलेलंस. तिने वाचलं नव्हतं, तिला स्क्रीनवर वाचायचा कंटाळा. मग मी सांगायला लागले. ठराव, कॉन्ट्रॅक्टर, कमिटीतल्या दोन पार्ट्या. ती मॉडेमकडे बघत होती. मी मुद्दा जरा जोरात मांडला. तिने वेणीचं रबर काढून परत लावलं. मग मी आपलं जाता जाता म्हटलं की सेक्रेटरी काका टाकी बघायला वर गेलेले ते एकाच पायात चप्पल घालून खाली आले, आणि दुसरी कुठे गेली ते कोणी विचारलं नाही, आणि आम्ही आठवडाभर तेच पाणी प्यायलो.

ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. डोळे पुसत म्हणाली, कंची चप्पल, अंगठ्याची का पट्ट्याची? मी म्हटलं, अंगठ्याची. ती परत सुरू.

मी नंतर घरी येऊन तपासलं. टाकीवर माझी चार लांबलचक पानं आहेत. त्यात चप्पल कुठेच नाही. मी ती लिहिलीच नव्हती, मुद्द्याची नव्हती म्हणून.

त्यामुळे आता माझं डोकं परत फिरलंय. चारही पानं फाडून चपलेपासून सुरू करायचं म्हणजे ती बरोबर होती असं होणार, आणि तसंच ठेवायचं तर टायपिंग उत्तम. आई म्हणते, एवढा त्रास होतो तर लिहू नकोस. मी तिला म्हटलं, तुला चपलेचं माहितेय का? तिने गवार बाजूला ठेवली आणि विचारलं, कुठली चप्पल?