भागधारक मथुताई

मथुताई टाकळकरांना मी पहिल्यांदा पाहिले ते शाळेत, शिक्षिकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत वर्तमानपत्रातले बाजारभावाचे पान वाचताना. लेख याच वाक्याने सुरू करायचा असे मी हट्टाने ठरवले आहे. कारण गौरवग्रंथाच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला निरोप धाडला होता: "ताईंच्या साध्या राहणीबद्दल लिहा, त्यागाबद्दल लिहा. ते शेअर-बिअर मात्र कृपया नको. षष्ट्यब्दीच्या ग्रंथात बरे दिसणार नाही."

बरे दिसणार नाही! ज्या गोष्टीच्या जोरावर या बाई आयुष्यभर ताठ मानेने उभ्या राहिल्या, तीच गाळायची आणि उरलेल्या बाईंच्या खांद्यावर शाल घालायची? हा लेख छापायचा असेल तर पुरा छापावा, नाहीतर मला परत करावा.

तर त्या दिवशीची गोष्ट. लढाई नुकतीच संपली होती आणि मी शाळेत नव्याने लागले होते. शेजारच्या बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "त्या सट्टा खेळतात हो!" आपल्या इंदुरात कापसावर सट्टा, पावसावर सट्टा, त्यामुळे हा शब्द कोणालाही सहज चिकटवता येतो. मथुताईंचे कान तिखट. पेपराची घडी करत त्या माझ्याकडे वळल्या.

"सट्टा म्हणजे उद्या काय होईल यावर पैज. मला उद्याचं काही कळत नाही बाई. लोक धोतर-लुगडं नेसायचं सोडणार नाहीत, एवढं कळतं. म्हणून गिरणीचे शेअर घेते आणि ठेवून देते. तुझं नाव काय? सुशीला? घे, चिवडा घे."

आमची ओळख झाली ती अशी. पुढचे सारे मला हळूहळू कळले. काही त्यांच्याकडून, काही त्यांच्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांकडून.

मथुताईंचे यजमान होळकर सरकारच्या जकात खात्यात होते. परदेशीपुऱ्याकडे गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांनी एका गिरणीचे थोडे भाग, म्हणजे शेअर, घेतले, आणि तेही बायकोच्या नावावर. पंचविशी ओलांडली नाही तोच मथुताई विधवा झाल्या. तेरावा उरकला आणि धाकटे दीर कागद घेऊन समोर बसले.

"वहिनी, इथं सही करा."

"कशाची?"

"गिरणीच्या भागांची. माझ्या नावावर करून घेतो. बायकामाणसांना काय कळतं त्यातलं?"

"मग शिकेन, भावजी. सही करायलाही शिकलेच ना?"

त्यांनी सही केली नाही. घरात आकांडतांडव झाले. 'नवरा गेला आणि हिला गिरणी सुचते' हे वाक्य त्यांनी मला सांगितले तेव्हा त्या हसत होत्या. मला हसू आले नाही, आजही येत नाही. भाऊ वडिलोपार्जित जमीन सांभाळतो तेव्हा तो कर्ता ठरतो. विधवा आपल्याच नावावरचे चार भाग सांभाळते तेव्हा ती हावरट कशी ठरते, हे मला कोणी समजावून द्यावे.

पोटासाठी त्यांनी शिकवण्या धरल्या, स्वतः परीक्षा दिल्या आणि शाळेत गणित शिकवू लागल्या. घर पगारावर चालायचे. गिरणीचा डिव्हिडंड मात्र घरखर्चात यायचा नाही. त्यातून पुन्हा भाग घेतले जायचे. त्या भागांवर डिव्हिडंड यायचा, त्याचे आणखी भाग. "बियाण्याचा गहू दळायला जात नाही," असे त्या म्हणत. हे फार सोपे वाटते. मी स्वतः करू लागले तेव्हा कळले की दिवाळी तोंडावर आलेली असताना ते मुळीच सोपे नसते.

संस्थान विलीन झाले त्या दिवसांत आपल्या मराठी घरांत काय घबराट होती, ते वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल. दरबार गेला, पेन्शनीचे काय होणार, गिरण्यांचे काय होणार, जो तो हेच बोलत होता. ज्यांच्या घरी भाग होते ते येईल त्या भावाने काढू लागले. सराफ्यातले दलाल बाबूलालजी मथुताईंच्या घरी आले तेव्हा मी तिथेच बसले होते.

"बाईसाब, बेच दो. कल और गिरेगा."

"बाबूलालजी, गिरणीचे सांचे, माग थांबले आहेत का?"

"सांचे तो चालू हैं।"

"मग मला भाव नका सांगू. आणखी मिळतील का, ते सांगा."

बाबूलालजींनी कपाळाला हात लावला. पण भाग आणून दिले.

मथुताई कधी चुकल्याच नाहीत असे मात्र कोणी लिहू नये. काचसामानाच्या एका कंपनीचे त्यांनी घेतलेले भाग साफ बुडाले. ती शेअरपत्रे त्या वर्गात आणीत आणि नफा-तोट्याचे गणित शिकवताना मुलींच्या हाती देत. "ही माझी चूक. नीट बघून ठेवा. सगळं एका टोपलीत ठेवलं असतं तर आज मी इथं नसते." मुली ते कागद उलटसुलट करून बघत. मॅट्रिकच्या किती परीक्षकांना असे गणित शिकवता येईल?

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले, त्याकडे येते. मध्यभारत राज्य झाल्यावर शाळेला सरकारी अनुदान मिळाले आणि चालक मंडळाने पगारवाढ जाहीर केली. वाढ मास्तरांना भरघोस मिळाली, शिक्षिकांना नावापुरती, आणि मथुताईंना काहीच नाही. त्यांनी मंडळापुढे दाद मागितली. आम्हा शिक्षिकांच्या वतीने मी त्यांच्यासोबत गेले. अध्यक्षांना सगळे रावसाहेब म्हणत, इथेही तेवढेच लिहिते. ते मोठ्या प्रेमाने म्हणाले,

"ताई, तुम्हाला कशाला हवी वाढ? तुमचं घर तर गिरणी चालवते! मास्तर मंडळी संसारी माणसं."

मथुताई शांतपणे म्हणाल्या, "रावसाहेब, तुमची हातोदला शेती आहे. तुमचे चिरंजीव कचेरीत आहेत. शेती आहे म्हणून साहेबानं त्यांचा पगार अडवला का?"

"तो विषय वेगळा आहे."

"कसा वेगळा? मी गणिताची मास्तरीण आहे. पायरी-पायरीनं सांगा."

रावसाहेबांनी पानाचा डबा उघडला. दुसरे एक सभासद सांभाळून घ्यायला पुढे झाले: "ताई, आपण तर त्यागमूर्ती आहात—"

"त्याग करायचा असेल तेव्हा मी करीन," मथुताई म्हणाल्या. "माझ्या वतीनं तुम्ही नका करू."

वाढ मिळाली नाही. मुलींच्या परीक्षा संपेपर्यंत मथुताईंनी पूर्वीसारखेच शिकवले आणि मग राजीनामा दिला. मी त्यांच्या घरी जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "अगं, वेडी का तू? मी इतकी वर्षं बी राखलं ते कशासाठी? कधीतरी एकदा कोणाला तरी 'नाही' म्हणता यावं म्हणून. आता दोन वर्षं डिव्हिडंड खाईन. बघू या कोण आधी थकतं."

मंडळ आधी थकले. गणिताला आणलेले मास्तर टिकले नाहीत, पालक रोज तक्रार घेऊन येऊ लागले, आणि दुसऱ्या सत्रात रावसाहेब स्वतः मथुताईंच्या दारात उभे राहिले. मथुताईंनी चहा दिला आणि अट घातली: एकट्या मथुरा टाकळकरचा पगार नव्हे, शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेचा पगार मास्तरांच्या बरोबरीने. रावसाहेब म्हणाले, "ताई, हे जरा जास्तीच होतंय." ताई म्हणाल्या, "मला घाई नाही." शेवटी मंडळाने मान्य केले आणि ताई पुन्हा वर्गावर आल्या. आज आम्ही सातजणी जो पगार घेतो तो या बाईंनी मिळवलेला आहे. शाळेच्या अहवालात मात्र 'चालक मंडळाने उदार धोरण स्वीकारून' असे छापले गेले. ते मी तेव्हा वाचले आणि गप्प बसले नाही. आजही बसत नाही.

आणि आता त्याच मंडळातले लोक या ग्रंथात लिहिणार की ताईंना धनाची आसक्ती नाही! मथुताईंकडे रेडिओ आहे. दर दसऱ्याला त्या चांगली माहेश्वरी साडी घेतात. थंडीत गराडूचा कंद तळतात आणि आम्हाला बोलावून पोटभर खाऊ घालतात. आपल्या कष्टाने आणि धीराने त्या श्रीमंत झाल्या, याची त्यांना लाज वाटत नाही. मग आपल्याला का वाटावी?

ज्या दिरांनी सही मागितली होती, ते पुढे कापसाच्या सट्ट्यात पार बुडाले. त्यांची धाकटी मुलगी मथुताईंकडे राहून बी.ए. झाली. तिच्या लग्नात मथुताईंनी तिला दागिना घातला नाही. तिच्या एकटीच्या नावावर गिरणीचे भाग करून दिले. दीर जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही हे विसरला नाहीत." मथुताई म्हणाल्या, "विसरले, भावजी. पण मुलगी शहाणी आहे, तिला आवडेल." खरोखर विसरल्या होत्या का, ते मी कधी विचारले नाही.

मला नव्या दराने पहिला पगार मिळाला तेव्हा मी बांगड्या करायला निघाले होते. त्या सराफ्यापर्यंत सोबत आल्या. "बांगड्याही कर," म्हणाल्या, "पण आधी बाबूलालजींकडे चल. एकच भाग घे. मग हात भरलेला वाटेल." मी घेतला. आजवर विकलेला नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांची परवानगी घ्यायला गेले. त्या म्हणाल्या, "लिही की. पण खरं लिही. आणि समितीला सांग, शाली घरी खूप झाल्या आहेत."

मथुताईंना उदंड आयुष्य लाभो. डोळे असेच तेज राहोत, गुडघे धड राहोत, म्हणजे दरवर्षी गिरणीच्या वार्षिक सभेला त्या स्वतःच्या पायांनी जातील, पहिल्या रांगेत बसतील आणि नफा वाढला तर डिव्हिडंड का वाढला नाही, असे उभे राहून विचारतील. समोर बसलेल्या संचालक मंडळींनाही देवाने भरपूर आयुष्य द्यावे. उत्तरे द्यायला त्यांना ते लागेल.