सतरा नंबरचा रोलर

स्टोअरमध्ये एक गंमत असते. ज्या वस्तूची कोणी मागणी केलेली नसते, तीच सगळ्यात जास्त साठते. कुठल्या तरी मशीनचा उरलेला वायसर, जोडी हरवलेला नट, काय आहे हे कोणालाच न कळलेली एखादी स्प्रिंग. टाकवत नाही आणि लागतही नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. किस्से माझ्याकडे असेच साठलेत. त्यातले निम्मे एकट्या रोलरचे!

रोलर म्हणजे रस्त्यावरचा, तीन लोखंडी चाकांचा. श्रीरामपूरहून राहात्याकडे जाताना आमचा कारखाना लागतो. तिथल्या ऊसयार्डातले रस्ते या रोलरने माझ्या लग्नाच्याही आधीपासून दाबलेत. त्याचा ड्रायव्हर रंभाजी. अंगाने काडी, आवाजाने ढोल. इंजिन बंद पडलं आणि रोलर चार वर्षं कडुनिंबाखाली उभा राहिला, तेव्हा रंभाजीला गेटवर बसवलं. हातात शिट्टी दिली. वाजवायचा मात्र कधीच नाही. ट्रॅक्टरवाल्यांना तोंडानेच ओरडायचा.

मग निकम साहेब आले. पुण्याचे, तरुण इंजिनिअर, हुशार आणि स्वभावाने चांगले. फक्त जुनं काही दिसलं की त्यांना शिंका यायच्या. आल्या आल्या त्यांनी भंगाराची यादी काढली. यादी लिहिली मी, माझ्या सुवाच्य अक्षरात. शेवटचा, सतरावा नंबर रोलरचा.

दुपारी रंभाजी खिडकीशी आला.

"मॅडम, सतराव्या नंबराला काय लिवलंय?"

"रोलर," मी मान खाली घालूनच सांगितलं.

तो म्हणाला, "मंग अठराव्याला मला लिवा."

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी हसले, पण खरं सांगते, त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

*

आमच्या वर्कशॉपचा खंडेनवमीचा एक नियम आहे. ज्या मशीनला हार घालायचा, ते त्या दिवशी चालवून दाखवायचं. नुसता हार घालून मोकळं व्हायचं नाही. आणि मशीन चालू होईपर्यंत हार घालणाऱ्याने जेवायचं नाही! हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण पाळतात सगळे. म्हणून बंद मशीनच्या वाटेला कोणी जात नाही.

निकम साहेबांना हे कुठलं माहीत? त्यांना फोटो काढायचे होते. हार उरला होता, मागे कडुनिंब छान दिसत होता. साहेबांनी रोलरला हार घातला, हात जोडले, फोटो काढून घेतला.

सगळं वर्कशॉप रोलरभोवती जमलं.

योसेफ मिस्त्री पुढे आले. श्रीरामपूरचे, आमचे हेड मेकॅनिक. दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि खंडेनवमीला नारळ फोडायचा मानही त्यांचाच. अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, आता उपास."

साहेब आधी हसले. मग सगळ्यांची तोंडं बघितली आणि त्यांचं हसू मावळलं. पुरणपोळीचा वास सुटलेला. दीड वाजता साहेबांनी स्वतः बाह्या सारल्या आणि इंजिन फिरवायचं हँडल हातात घेतलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा रोलर खोकला. तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं! रंभाजी गेट सोडून धावत आला. नोकरीत पहिल्यांदा त्याने शिट्टी वाजवली.

"चार वर्षं बंद असलेलं इंजिन तिसऱ्या हँडलला?" साहेबांचा विश्वास बसेना.

मिस्त्रींनी वर बघितलं. "येशूची कृपा, साहेब. जेवून घ्या."

*

येशूची कृपा कुठून कुठून आली होती, ते महिनाभराने कळलं. ऑडिटवाले आले. त्यांच्या साहेबांनी माझी रजिस्टरं तपासली आणि एक उचलून धरलं.

"बाई, याचं कव्हर कुठंय?"

मी बघितलं, तर खरंच पुढचा पुठ्ठा नाही! बावीस वर्षांत माझ्या रजिस्टरचा कोपरा दुमडलेला नाही, आणि आख्खा पुठ्ठा गायब! मी टेबलाखाली शोधलं.

मिस्त्री दारातच उभे होते. "आहे साहेब. जागेवरच आहे."

"कुठल्या जागेवर?"

"रोलरच्या वॉटर पंपाला पॅकिंग मिळंना. कंपनी बंद पडून जमाना झाला. ताईंचं रजिस्टर जाड होतं. एक थेंब गळत न्हाई, बघा चला!"

सहा महिने हा माणूस दुपारच्या सुट्टीत रोलर खोलून बसत होता आणि माझ्या रजिस्टराची कातडी सोलत होता! मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी मला नवा पुठ्ठा लावून दिला, वर सुंदर अक्षरात माझं नाव घालून. मग मी बोलले.

ऑडिटवाल्यांनी शेरा मारला, "कव्हर वापरात आहे."

*

यादीवरून सतरावा नंबर मात्र गेला नाही. भंगार मंजूर करणारी समिती वर्षातून एकदा, मे महिन्यात यायची. तोपर्यंत चालतोय तर चालवा, असं साहेब म्हणाले. रंभाजी गेटवरून रोलरवर परत गेला आणि त्याची तब्येत सुधारली. म्हणजे काडीच राहिला, पण ताठ काडी.

त्याचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागूनच. एकदा त्याची बायको सुमनबाई माझ्याकडे बसली होती. मी सहज म्हटलं, "रंभाजी परत कामावर गेले. आता दिवसभर चैन पडत नसेल तुम्हाला?"

"कशाला पडंना? सकाळी सातला रोलर घेऊन दारापुढनं जात्यात. मी झाडलोट करते, धुणं धुते, भाकऱ्या थापते. अकराला दारात येऊन हाक मारली तरी 'ओ' म्हनत्यात!"

*

जानेवारीत शेजारच्या गावचा शिवरस्ता दाबायला रोलर पाठवला. ऊस आणायची तीच वाट होती. काम संपवून रंभाजी परत निघाला. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्ये एवढासा रस्ता. आणि मागून आली नवरदेवाची गाडी! फुलांनी सजवलेली, मागे वऱ्हाडाचे दोन टेम्पो. हॉर्न वाजवून वाजवून दमले. रोलर बाजूला घेणार कुठे?

नवरदेवाचा मामा उतरून पुढे धावला. "अहो, मुहूर्त टळतोय! जरा दाबा की!"

"दाबतोय की," रंभाजी म्हणाला. "तेच काम हाय आमचं."

शेवटी पोरं खाली उतरली आणि रोलरच्या पुढे-मागे नाचायला लागली. टेम्पोवरचा डीजे सुरू झाला. नाचणाऱ्या वऱ्हाडाचा आणि रोलरचा वेग अगदी एक असतो, कोणी मागे नाही की पुढे नाही! मामासुद्धा नाचले म्हणे.

मांडव फाट्यावरच होता. आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या. धूळ, डीजे, डोळ्यावर ऊन. रोलरला खंडेनवमीचा वाळका हार तसाच होता. नवरीच्या आत्याने पहिलं जे वाहन समोर आलं, त्याच्यासमोर ताट धरलं, वर बसलेल्याला ओवाळलं आणि भाकरतुकडा उतरवून टाकला!

रंभाजीने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. कपाळावरचं कुंकू तसंच. "मॅडम, माझ्या लग्नात बी मला इतकं मन लावून कुनी ओवाळलं न्हाई."

*

मार्चमध्ये नवा रोलर आला. पिवळाधमक, एसीचा, समोर टीव्हीसारखा पडदा. वर्कशॉपने लगेच नावं ठेवली. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी. साहेबांनी रंभाजीला समजावून सांगितलं की पुढच्या हंगामाला धाकटीसाठी ट्रेनिंग घेतलेला ऑपरेटर येणार. थोरली समितीपुढे जाणार. रंभाजीला परत गेट. तोवर त्यानेच धाकटी चालवायची.

रंभाजी धाकटीवर चढला, सीटवर बसला, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पडद्यावर लाल दिवा!

कंपनीचा माणूस पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला. तासभर वायरी लावून बसला. मग म्हणाला, "मशीनमध्ये काही फॉल्ट नाही. सेफ्टी आहे. सीटवर माणूस नसेल तर इंजिन चालू होत नाही."

रंभाजी सीटवरच बसलेला होता. "मंग मी कोन हाय?"

त्या माणसाने रंभाजीकडे नीट बघितलं आणि त्याचं वजन विचारलं. सीटखालच्या सेन्सरला एवढा हलका माणूस माणूस वाटतच नव्हता!

मिस्त्री माझ्याकडे आले. मी जुन्या नटबोल्टांची एक गोणी भरून दिली. उचलताना दम लागायचा. रंभाजी ती मांडीवर घेऊन बसला आणि धाकटी लगेच सुरू झाली. रोज सकाळी गोणी न्यायची, संध्याकाळी आणून ठेवायची. एकदा ती माझ्या टेबलाशी ठेवताना तो म्हणाला, "चाळीस वर्सं चालवतोय, थोरली मला पावलावरनं वळखती. हिला मी मांडीवर बसलो तरी दिसत न्हाई." गमतीत म्हणाला, पण मला ते लागलं. घरी जाऊन मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं.

*

मे महिन्यात समिती यायची ठरली. यादी माझ्याकडे, सतरा नंबर जागच्या जागी. आदल्या रात्री मला खोटं आजारी पडावंसं वाटलं होतं, पण मी गेले.

साहेबांनी पेंटरला फोनवरून सांगितलं होतं, "कडुनिंबाखाली रोलर उभा असतो, बंद. त्याच्यावर मोठ्या अक्षरात १७ आणि भंगार लिहून ठेव." कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कडुनिंब म्हणजे थोरलीची जागा. धाकटीला वेगळी शेड आहे, पत्र्याची.

सकाळी आठला रंभाजी आदल्या संध्याकाळी आणायची राहिलेली गोणी घेऊन आला. माझ्या टेबलाशी ठेवली. "आज लागत न्हाई, मॅडम."

मी कामात होते. बरं म्हटलं.

अकराला समिती आली. अध्यक्ष अण्णा, जुने संचालक, साठ एकरांचे बागायतदार, बोलायला फटकळ. आम्ही सगळे त्यांच्या मागे चालत कडुनिंबाखाली गेलो.

कडुनिंबाखाली धाकटी उभी होती. पिवळ्या दारावर ऑइलपेंटने हातभर अक्षरं. १७. भंगार.

"हे भंगार?" अण्णांनी चष्मा काढला. "दिसतंय तर झकास. चालू करा बरं."

रंभाजी चढला, बसला, किल्ली फिरवली. लाल दिवा. पुन्हा फिरवली. लाल दिवा.

"लिहा," अण्णा म्हणाले, "बंद."

"अण्णा, थांबा!" निकम साहेब पुढे धावले. "हा नवा रोलर आहे. मार्चमध्ये आलाय. भंगारातला दुसरा आहे, जुना."

"तो कुठंय?"

साहेबांनी उत्तर द्यायची गरज पडली नाही. यार्डाच्या कोपऱ्यावरून धडधड ऐकू आली. पावसाळ्याआधी यार्डाचा रस्ता दाबायचा होता, तो दाबत थोरली येत होती. वर योसेफ मिस्त्री, टोपी घालून, इकडे तिकडे न बघता. ती आली, आमच्या समोरून गेली. जायला पाच मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ सगळी समिती उन्हात उभी राहून बघत होती.

अण्णांनी चष्मा परत लावला. "निकम, असं करा. 'चालणारं मोडावं आणि बंद असलेलं ठेवावं,' एवढं स्वच्छ अक्षरात लिहून आणा. मी सही करतो."

साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझ्यावर चिडणार. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, पेन घेतलं आणि सतराव्या ओळीवर स्वतः काट मारली. सरळ, पट्टी लावल्यासारखी. यादी परत देताना हळूच म्हणाले, "मॅडम, मी उपास केला होता हो हिच्यासाठी." माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. धुळीचं म्हणून पुसलं.

सुट्टी व्हायच्या आत मी रंभाजीला गाठलं. धाकटीच्या दारावरचा पेंट तो रॉकेलच्या चिंधीने पुसत होता. 'भंगार'मधला 'भं' काही केल्या निघत नव्हता.

"रंभाजी," मी स्टोअरच्या आवाजात विचारलं, "धाकटीची जागा शेडमध्ये. तिला कडुनिंबाखाली कोणी आणून लावली?"

"मीच की, मॅडम." त्याने हात थांबवला नाही. "मे महिन्याचं ऊन, पत्रा लई तापतो. नवी हाय ती. म्हनलं सावलीत असूंद्या, उगं रंग खराब व्हायचा."