पिठात बुडवलेले हात

मूल दत्तक घ्यायला परदेशातून कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात उतरलेली माणसं आधी एरिबेर्तोच्या टॅक्सीत बसायची आणि मग त्याच्या थोरल्या बहिणीच्या तावडीत सापडायची. ही बहीण म्हणजे दोन्या एदेल्मिरा; 'दोन्या' म्हणजे तिकडचं 'बाईसाहेब', पण सगळे तिला नुसतं दोन्याच म्हणायचे. तिच्या विटांच्या दुमजली घरात खोल्या भाड्याने मिळायच्या. सल्ले आणि बोलणी मात्र फुकट.

"टोपी! लेकराला आधी टोपी घाला! ऊन काय बघताय? इथलं ऊन लबाड असतं, ढग आला की हुडहुडी भरते. रस्त्यात चार बायका अडवून तुमची अक्कल काढतील, त्यापेक्षा मीच घरात काढते."

खेळण्यांची बॅग आली की ती सरळ कपाटात कोंबायची. "एक बाहुली बाहेर ठेवा, पुरे. सगळी जत्रा एकदम मांडलीत तर पोर जत्रेकडे बघेल, तुमच्याकडे कशाला बघेल?" सुरुवातीला फिरणं नको, पाहुणे नकोत, फोनवर सतरा नातेवाईक नकोत. आणि सगळ्यात कडक नियम असा, की मुलाला उचलायचं, भरवायचं, त्याचे डोळे पुसायचे ते आईबापांनीच. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. दहा मांड्यांवर बसलेल्या पोराला आपली मांडी कुठली ते कळायचं कसं?

गंमत अशी, की हा नियम सगळ्यात जड जायचा तो खुद्द दोन्यालाच. स्वतःची तीन पोरं वाढवून मार्गी लावली तरी हौस काही फिटली नव्हती. मूल दिसलं की हात शिवशिवायचे. म्हणून नवं पोर दारात आलं रे आलं, की ती स्वयंपाकघरात पळायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मक्याच्या पिठात घालायची. भरल्या हातांनी उचलणार कसं? त्यापायी घरात आरेपांच्या, म्हणजे मक्याच्या जाडसर भाकऱ्यांच्या, चळती लागायच्या. एरिबेर्तो वैतागून म्हणायचा, "ताई, या आठवड्यात पोरं जरा जास्त आलीत का गं? मी नाश्त्याला आरेपा, जेवायला आरेपा, आता गिऱ्हाइकांना पण आरेपाच वाटतोय."

त्या ऑगस्टात इटलीहून ओर्नेला आणि तुल्लिओ आले. त्यांची यादिरा चार वर्षांची, तोवर डोंगरातल्या एका बाईकडे सांभाळायला होती. ती बाई बाजारात आरेपा विकायची. पोर गप्प, अंगात जुनाट तपकिरी स्वेटर. "काही झालं तरी हा स्वेटर धुवू नकोस," दोन्याने ओर्नेलाला बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वेटर दोरीवर!

"अगं बाई, हे काय केलंस?"

"त्याला किती वास येत होता, दोन्या! मी चांगल्या लव्हेंडरच्या साबणाने धुतला."

दोन्याने कपाळाला हात लावला, तो पिठासकट. "अगं, तो वास म्हणजेच त्या पोरीचं घर होतं!"

झालं. यादिराने स्वेटर हुंगला, भिरकावला आणि जी स्वयंपाकघरात आली ती दोन्याच्या झग्यात नाक खुपसून बसली. आई उचलायला गेली की किंचाळायची. ओर्नेला रोज नव्या उमेदीने घास पुढे करायची आणि रोज तो परत न्यायची. शेवटी ती चुलीपाशीच रडायला लागली. "तिला मी नकोय. तिला तुम्ही हव्या आहात."

खरं सांगायचं तर क्षणभर दोन्याच्या मनात लाडू फुटले. एवढ्या वर्षांत असं चिकटलेलं हे पहिलंच लेकरू. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं आणि तिची ट्यूब पेटली. लांब राहायला म्हणून ज्या पिठात हात घालायचे, त्याच पिठाच्या वासाने पोर ओढली जात होती.

"जळलं मेलं माझं पीठ!" तिने एप्रन सोडला आणि ओर्नेलाच्या कमरेला बांधला. "रडू नकोस. आजपासून पीठ तू मळायचंस. तो तुझा साबण कुठाय? दे इकडे."

पुढचे काही दिवस घरात हसून हसून मुरकुंडी वळली. ओर्नेलाचं पीठ कधी पळी घालून ओतावं असं, कधी भिंतीला मारावं असं. तुल्लिओ बिचारा मान खाली घालून खायचा. एरिबेर्तोने एक तुकडा चावला आणि दाढ धरून बसला. दोन्या मात्र झगा बदलून, सकाळ-संध्याकाळ साबणाने हात घासून बसायची आणि स्वतःच्याच वासाने शिंकायची.

रविवारी गारठा होता. यादिरा तोच धुतलेला स्वेटर घालून स्वयंपाकघरात आली. सवयीने दोन्याकडे धावली, झग्यात नाक खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. दोन्या भिंतीसारखी उभी राहिली. पोरीने इकडेतिकडे पाहिलं, हळूहळू ओर्नेलाजवळ गेली, तिचं मनगट ओढून तळवा हुंगला. पुन्हा हुंगला. आणि दोन्ही हात वर केले.

ओर्नेला गांगरली. "दोन्या, माझे हात पिठाने भरलेत!"

"मग? भरल्या हातांनी उचलायचं नाही ते मी, बावळट! तू आई आहेस ना? उचल तशीच!"

ओर्नेलाने उचललं. पोरीने तिच्या मानेत तोंड लपवलं. दोन्याचे हात आज कोरडे, स्वच्छ आणि रिकामे होते. त्याच हातांनी तिने स्वतःचेच डोळे पुसले. तपकिरी स्वेटरच्या पाठीवर पांढऱ्या पिठाचे दोन पंजे उमटलेले दिसले, तशी ती रडता रडता गरजली,

"आणि आता हा स्वेटर धुशील तर बघ!"