पश्चिमेस कोरी जागा

शनिवार, ७ ऑगस्ट १९९९. वेळ सकाळी अकरा. ठिकाण: धुळे, टायपिंग व कॉम्प्युटर क्लास, पहिला मजला.

हजर: आबा, लेखनिक हवालदार. रेखा, क्लासमधली शिक्षिका, राहणार शिंदखेडा. पंच क्रमांक एक, खालच्या दुकानातले शिंपी गुलाबनाना. पंच क्रमांक दोन, त्यांच्या शेजारचे स्टेशनरीवाले सुभाषभाऊ. मी, क्लासची मालकीण. गैरहजर: ज्याने पत्र पाठवलं तो.

ही हजेरी माझ्या शब्दांत नाही, आबांच्या आहे. कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे. आबा कुठेही गेले की आधी तारीख, मग वेळ, मग हजर कोण ते लिहीत. पोलीस ठाण्यात तीस वर्षं पंचनामे लिहून हात असा वळला होता की लग्नाच्या पंगतीतही ते खिशातून कागद काढत. एकदा सोनगीरजवळ एसटी बंद पडली, तर बाकीचे प्रवासी ड्रायव्हरशी भांडत होते आणि आबा झाडाखाली बसून एसटीच्या चारही बाजूंना काय काय आहे ते लिहीत होते. ड्रायव्हरने शेवटी त्यांचीच सही घेतली, डेपोत दाखवायला.

चार बाजू हा त्यांचा प्राण. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. त्याशिवाय त्यांच्या लेखी कुठलीही जागा जागा नव्हती. दुसरा नियम त्याहून कडक. "डोयाघाई दखं तेच लिखानं," ते म्हणत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही, साहेबांनी सांगितलेलं तर मुळीच नाही. या शेवटच्या वाक्यामुळे त्यांची बढती राहिली असं ठाण्यात बोललं जाई. आबा तेही लिहीत नसत, कारण पाहिलेलं नव्हतं.

आता मूळ प्रकरण. माझ्या क्लासात बारा टाइपरायटर आणि तीन कॉम्प्युटर होते. त्यातल्या दोन नंबरच्या मशीनला टेलिफोनची तार जोडून मी इंटरनेट घेतलं होतं. रेखा टायपिंग शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा जळगावला नोकरीला, त्याचा मोठा भाऊ पुण्यात, आणि सगळ्या घरात ई-मेल वाचणारा तेवढा एकच. त्या भावाला रेखाच्या नावाने, रेखाच्याच खात्यातून मेल गेला: हे लग्न मला मान्य नाही, घरचे जबरदस्ती करत आहेत, कृपया फोन करू नये. भावाने कृपया फोन केला नाही. मेल छापून सरळ शिंदखेड्याला रेखाच्या वडिलांकडे पाठवून दिला.

रेखा तो कागद घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी ठाण्यात गेलो. तिथले अंमलदार सज्जन होते, पण त्यांच्या पुस्तकात ही वस्तूच नव्हती.

"दस्तऐवज दाखवा."

"हा काय."

"ही प्रत झाली. मूळ कुठे आहे?"

"मशीनमध्ये, साहेब. पडद्यावर दिसतं."

"मशीन बंद केलं की?"

"दिसत नाही."

"मग त्याला दस्तऐवज कसा म्हणू?" ते खरंच हळहळले. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे पाहा. मंगळवार, पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं. क्लासच्या चाव्या कोणाकडे?"

चाव्या दोन. एक माझ्याकडे, एक रेखाकडे. अंमलदारांनी रेखाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोरी, तूच पाठवला असशील तर सांगून टाक. आता घाबरलीस का?"

 रेखाच्या वडिलांनीही आदल्या दिवशी तिला हेच विचारलं होतं. कोपऱ्यात लिहीत बसलेल्या आबांनी मान वर केली. "साहेब, जागा तं दखू द्या आधी." साहेबांना हायसं वाटलं. कलम सापडत नव्हतं, निदान माणूस पाठवता आला.

तर आबा आले, गुलाबनाना आणि सुभाषभाऊ हे नेहमीचे पंच आले. आमच्या गल्लीत सायकल हरवली तरी हेच दोघं. सुभाषभाऊंना पंच होण्याची हौसच. त्यांची सही पाहण्यासारखी होती: खाली तीन वेढे आणि शेवटी एक टिंब, दाबून.

आबा दोन नंबरच्या मशीनसमोर उभे राहिले. सोबतचा शिपाई मॉनिटर उचलायला पुढे झाला, जप्त करायला.

"पत्र याम्हा शे का, अक्का?"

"नाही आबा. हा फक्त दाखवतो."

"मंग ओझं कसाले?" शिपाई मागे सरकला. आबा मांडी घालून खाली बसले आणि सुरू झाले. "पूर्वेस?"

"दार आणि जिना."

"दक्षिणेस?"

"एक नंबरचं मशीन."

"उत्तरेस?"

"भिंत." मी भराभर सांगत होते. मला अकराची बॅच घ्यायची होती.

"भिंतवर काय शे?"

"खिळा."

"खिळाले काय शे?"

आता सांगायलाच हवं. खिळ्याला माझी वही होती. मला याद्या केल्याशिवाय चैन पडत नाही. गिऱ्हाईक पासवर्ड विसरत, मग माझा वेळ जाई, म्हणून मी सर्वांचे पासवर्ड एका वहीत लिहून, नावाच्या अनुक्रमाने, मशीनशेजारी टांगले होते. रेखाचाही. मी या व्यवस्थेचं चार लोकांत कौतुकही करून घेतलं होतं.

आबांनी वही उघडली, पानं चाळली, माझ्याकडे पाहिलं. "अक्का, कुलूप लायं आनि चावी बाजूले टांगी दिन्ही?"

गुलाबनाना हसले. सुभाषभाऊ जरा जास्तच हसले.

"आबा, हे लिहायलाच हवं का? क्लासचं नाव जाईल."

"मी दखं ना," आबा म्हणाले आणि लिहिलं: उत्तरेस भिंत, भिंतीस खिळा, खिळ्यास वही, वहीत बावीस इसमांचे पासवर्ड, मालकिणीच्या अक्षरात. मला सही करावी लागली. आजवर केलेल्या सह्यांमध्ये ती सर्वांत जड गेली.

"पश्चिमेस?"

"तार."

"कोठे जास?"

"टेलिफोन ऑफिसात."

"तठून?"

"मुंबईला."

"तठून?"

"अमेरिकेला. बहुधा."

आबांनी पेन थांबवलं. बहुधा त्यांना चालत नसे. त्यांनी लिहिलं: पश्चिमेस तार, ती जाते, आणि पुढे बोटभर जागा सोडली. मग विचारलं, "तठे आते किती वाजेल व्हतीन?" तिकडे आता किती वाजले असतील.

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. तारीख आपली, वार आपला, तेव्हा घड्याळही आपलंच धरून बसलो होतो. आबांनी स्वतःचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं आणि बरोबर साडेबाराला मला रेखाच्याच खात्यातून एक मेल पाठवायला लावला, त्या पुण्याच्या भावालाच. मजकूर: ही तपासणी आहे. मग त्याला फोन करून विचारलं, छापील प्रतीवर वेळ काय येते? उत्तर आलं: रात्रीचे बारा. म्हणजे मेल-खातं ज्या देशातलं, घड्याळ त्या देशाचं. साडेबारा तास मागे.

मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. पहाटे चार चाळीस अधिक साडेबारा तास. मंगळवारी संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. मंगळवारी रेखा साडेतीनच्या गाडीने शिंदखेड्याला जाते, तिची निघतानाची तीनची सही हजेरीत होती. रेखाने ती सही दोनदा पाहिली आणि खुर्चीत बसली.

पण माझी आणखी एक यादी होती: कुठल्या मशीनवर कोण, किती ते किती, सहीसकट. मंगळवार, दोन नंबर, पाच ते साडेपाच. नाव गिचमिड होतं. सही मात्र स्वच्छ. खाली तीन वेढे आणि शेवटी एक टिंब, दाबून. नुकतीच केलेली, शाई न वाळलेली तीच सही पंचनाम्याच्या तळाशी होती.

आबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ओरडले नाहीत. "सुभाष, पंच दखनारा ऱ्हास भो. तू तं करनारा निंघना."

सुभाषभाऊंच्या बहिणीचं स्थळ त्याच मुलाच्या घरी आधी गेलं होतं आणि परत आलं होतं. एवढंच. "गंमत केली हो," ते म्हणाले, आणि मग कोणी हसत नाही हे पाहून खाली बसले.

आबांनी "गैरहजर" ही ओळ आडवी खोडली आणि खोडल्याची बाजूला सही केली. मग रेखाला म्हणाले, "पोरी, खरं सांगस. साहेबनी पुस्तकम्हा हाई बसाडाले कलम सापडी का नही, माले सांगता येत नही. सापडनं तरी कोर्टम्हा वरीसं जातीन. तुले काय पाहिजे?"

"गुन्ह्याचं राहू द्या," रेखा म्हणाली. "माझं नाव मला परत पाहिजे. जिथून गेलं तिथूनच."

सुभाषभाऊ दोन नंबरच्या मशीनवर बसले. पुण्याच्या भावाला, स्वतःच्या नावाने, झाला प्रकार कबूल करून मेल लिहायचा होता. ते एका बोटाने टाइप करत. दहा मिनिटांत दोन ओळी झाल्या. रेखा मागे उभी होती आणि तिला राहवेना. "पाठ ताठ. मनगट टेकवू नका. ते अक्षर अनामिकेने." चाळीस मिनिटं तिने त्यांना शिकवलं, आणि माफीचं पत्र एकही चूक न होता गेलं. आबांनी छापील प्रतीवर नव्या पंचाची सही घेतली आणि तेच पत्र रजिस्टर पोस्टानेही पाठवलं. "तारनं काय सांगता येस!"

चार दिवसांनी मुलगा स्वतः जळगावहून आला. रेखाने त्याला आधी हजेरीत सही करायला लावली, वेळेसकट, आणि मग विचारलं, "एक फोन का नाही केला?" उत्तर तिला पटलं असावं. लग्नात आबा होते. पंचनाम्याच्या कागदावर त्यांनी नोंदवलं: पूर्वेस नवरानवरी, दक्षिणेस वरण-बट्टी, भरपूर.

सुभाषभाऊंना मात्र पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावलं नाही. त्यांना तीच शिक्षा पुरली.

आबा निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी कायदा आला. ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन जिना चढून आले. पडद्यावरच्या लिखाणालाही आता दस्तऐवज मानणार, असं त्यात होतं. "कायदा उना, अक्का. उशीर व्हयना, पन उना." मी चहा टाकला. त्यांनी कात्रण तीनदा वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं, "याम्हा चार बाजू कोठे शेत?"

मी म्हटलं, "आबा, आता ती पश्चिमेची जागा भरून टाकू. अमेरिका लिहू."

"तू दखी का अमेरिका?"

नव्हती पाहिली. म्हणून आम्ही त्याच रविवारी तारेखालून चालत निघालो, खांबाखांबाने, आबा पुढे. टेलिफोन ऑफिसच्या भिंतीत तार आत गेली. पहारेकऱ्याने आम्हाला आत जाऊ दिलं नाही. आबांनी तिथेच गुडघ्यावर माझी कार्बन कॉपी ठेवून भर घातली: ती टेलिफोन ऑफिसच्या भिंतीपर्यंत जाते, पुढे. आणि बोटभर जागा पुन्हा सोडली. "बाकीनं तू भर. तुले यादी करता येस."

पुढे आबा गेले. सोनगीरला, त्यांच्या गावी, दहाव्याला मी गेले तेव्हा तिथेही माझं लक्ष आधी चार दिशांना गेलं. पूर्वेस किल्ला. पुढचं लिहवलं नाही.

पासवर्डची वही मी त्या शनिवारीच खिळ्यावरून काढून जाळली. खिळा ठेवला आहे. दर जानेवारीत मी राहिलेल्या कामांची नवी यादी करते आणि जुन्या यादीतलं जे झालं नाही ते तिच्यात उतरवते. गच्चीच्या गळतीचं काम झालं, विमा झाला. एक काम मात्र दरवर्षी तसंच खाली येतं: आबांचा पंचनामा, पश्चिम बाजू, पाहून भरणे.