सुट्या जिभेची मशीन

सुताराच्या दुकानात दोन गोष्टी रोज झाडल्या तरी रोज साचतात. एक भुसा, दुसरे किस्से. भुसा निदान चुलीत जातो. किस्से कुठं जाळायचे? म्हणून लिहून काढतो. मी चौथी शिकलो, त्यातली तिसरी दोनदा. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

दुकान पिंपळगाव राजाला, रस्त्याला लागून. माणसं तीन. मी नारायण, शरीफमिस्त्री अन माझा पोरगा गजानन. मी अन शरीफ आधी बैलगाड्या, तिफणी करायचो. ट्रॅक्टर आले, ते काम गेलं. मग लग्नाचे पलंग, दिवाण धरले. बीटी कापसावर गुलाबी अळी पडली त्या साली लोकांनी लग्नंच पुढं ढकलली. पलंग कोण घेतो!

अशात शेजारच्या गावच्या सरपंच सुनंदाताई आल्या. पोलीस भरतीच्या पोरापोरींसाठी गावात अभ्यासिका काढली होती, तिला तीस खुर्च्या पाहिजे होत्या. अट एकच.

"मामा, पोट्टे वाचून राह्यले अन खुर्ची करकरू राह्यली, असं नाई पायजे. एक करकरली तं सगळ्या वापस!"

तीस खुर्च्यांचे सांधे हातानं करायचे म्हणजे तोवर पोरं भरती होऊन रिटायर झाली असती. गजानन म्हणाला, मशीन घेऊ. अन मला ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला म्हणाला, "खुर्च्या वापस आल्या तं मी चाकणले जातो. दोस्त कंपनीत लावून देतो म्हणते." सुनेनं माळ्यावरची बॅग काढून झटकून ठेवली सुद्धा. मी रंधा उचलला. मला बोलायचं असतं तेव्हा मी रंधा जोरात मारतो.

*

मशीन कशाची, ते सांगतो. आमची जुनी रीत अशी, की एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच पाडायची, अन जीभ खाचेत ठोकायची. ही मशीन दोन्ही लाकडांना खाचच पाडते. जीभ तयार मिळते, सुटी. ग्लू लावून दोघांच्या मधात घालायची.

मी म्हणलं, "म्हणजे दोघाचं जुळवाले तिसरा पायजे! हे काही सुतारकाम नोहे."

शरीफ विडी पेटवत म्हणाला, "नारायणभाऊ, तुमचं लगन कसं जुळलं होतं?"

*

मशीन आम्ही तिघांनी जाऊन खामगावच्या दुकानातून घेतली. कटर मात्र आपल्याला निवडायचे होते. जेवढी जीभ जाड, तेवढं कटर जाड. मी खुर्चीचा एक पाय पिशवीत घालून नेला होता. काउंटरवर ठेवला.

दुकानदार हसला. "काका, मोबाइलवर फोटो पाठवला असता तरी चाललं असतं."

"फोटोले जाडी असते का?"

 त्यानं पाच कटर ओळीनं मांडले. मी सगळ्यात जाड उचललं. बियाण्याच्या दुकानात आमच्या लोकांना तीच सवय लागली आहे, ज्याचा डबा मोठा त्याचं पीक मोठं! गजानन म्हणाला, "बाबा, दहा एमएमचं नको, आठचं घेऊ. लाकूड पंचवीसचं हाये."

"जाड जीभ मजबूत असते बे!"

शरीफ म्हणाला, "जीभ मजबूत होईन, पण दोन्हीकडचं लाकूड पातळ पडून फाटन. लंब्या जिभेनं घर फाटते, जाड्या जिभेनं लाकूड. तुमच्या घरी कोणती हाये, तुमाले मालूम."

पायांसाठी आठचं घेतलं, पाठीच्या पातळ पट्ट्यांसाठी पाचचं. घरी शरीफचं वाक्य मी सांगितलं नाही.

*

आमच्या दुकानात चहाच्या वेळेला नामदेव येतो. कापूसवाला. सात एकर, अन सत्तर एकराच्या गोष्टी. मशीनची पेटी उघडली तेव्हा तो होताच. पेटीत एका कोपऱ्यात छोटी पुडी होती. नामदेवनं ती न उघडताच भुशाच्या ढिगावर भिरकावली.

"काऊन फेकली बे?"

"भाऊ, मोठ्या डब्यासंगं लहान पुडी भेटते ते नॉन-बीटी असते. आमी कधीच ठेवत नाई!"

बीटीच्या डब्यासोबत साध्या कापसाची एक पुडी यायची. ती कडेनं पेरायची, म्हणजे अळीला तिकडं खायला मिळतं अन बीटीची ताकद टिकते, असं सांगायचे. सांगायचे ते सांगायचे, आमचे लोक पुडी बांधापलीकडं टाकायचे. मलाही नामदेवचं पटलं.

दुकानदारानं आठचं कटर लावूनच दिलं होतं. पाचचं लावायची वेळ आली तेव्हा समजलं, कटर खोलायचा पाना त्या पुडीत होता. बारीक लाकूड धरायचा टेकूसुद्धा तिच्यातच!

सकाळपासून नामदेवसकट चौघं भुसा उपसत होतो. शेवटी शरीफनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं अन विहिरीत बादली सोडतात तसं भुशात फिरवलं. पुडी चिकटून वर आली.

नामदेव कानातला भुसा काढत म्हणाला, "औंदा ते पुडी बांधावर पेरतोच. काय सांगाव, तिच्यातबी पाना निघन!"

*

मशीन भुसा लय फेकते. तो खाचेत अडकला की खाच उथळ होते अन जीभ पुरी बसत नाही. म्हणून भुसा ओढायचा पंखा जुना आणला. त्याची पिशवी फाटकी निघाली. नवी यायला आठवडा लागणार होता. शरीफनं आपला जुना पायजामा आणला, एका टांगेला गाठ मारली, दुसरी कापून तिथं टाके घातले, अन पंख्याच्या तोंडाला बांधला.

बटण दाबलं की टांग फुगायची, आडवी व्हायची अन थरथरायची. वडनेर भोलजीहून एक म्हातारा खिडकीची चौकट विचारायला आला होता. तो दारातच थबकला. हळूच मला म्हणाला,

"भाऊ, त्या माणसाचा वरचा भाग कुठी हाये?"

*

पावसाळी हवेत तयार जिभा फुगतात, अन मग खाचेत शिरत नाहीत. म्हणून सून त्या स्टीलच्या डब्यात घालून चुलीपाशी ठेवायची. दिसायला लहान बिस्किटासारख्या, दोन्हीकडून गोल, वर रेघा.

एक दिवस सुनेनं चहा आणला, सोबत तो डबाही. नामदेवनं बोलता बोलता डब्यात हात घातला अन एक जीभ चहात बुडवली. आम्ही तिघंही पाहत राहिलो. त्यानं चावून पाहिली, परत बुडवली, परत चावली.

"सुनबाई, बिस्कूट नरम नाई होऊन राह्यलं. उलटं फुगून राह्यलं!"

गजानननं ती त्याच्या हातातून हिसकावली अन खाचेत घालून पाहिली. शिरेना. पोरगा उड्या मारायला लागला. "बाबा, पाह्यलं? कोरडी घालाची, मंग ग्लूचं पाणी पिऊन ते आतमधी फुगते. फुगली की हालत नाई. हालत नाई तं करकरत नाई!"

त्या दिवशी मी मशीनला पहिल्यांदा शिवी दिली नाही. नामदेव मात्र रागावून गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा स्वतःच्या खिशात बिस्किटाचा पुडा होता.

*

खुर्च्या झाल्या. सुनंदाताई तपासायला आल्या. बाईनं एकेका खुर्चीवर बसून मागं-पुढं, डावं-उजवं डोलून पाहिलं. दुकानात कोणी श्वास घेत नव्हतं. पंखाही शरीफनं बंद केला. गजानन भिंतीला टेकून उभा, चेहरा चुन्यासारखा. सुनबाई दारात.

विसाव्या खुर्चीच्या पुढं कुठंतरी, बाई उठल्या अन आवाज आला. कर्रर्र!

गजानननं डोळे मिटून घेतले. बाईंनी खुर्ची हलवली. आवाज नाही. परत बसल्या, परत हलवली. आवाज नाही.

"मामा, मंग काय वाजलं?"

मी स्टुलावरून उठत होतो. म्हणलं, "ताई, माहा गुडघा हाये तो. माह्या बापानं बनवला. वापस होत नाई."

बाई इतक्या हसल्या की परत खुर्चीत बसल्या. खुर्ची चूप! तीसच्या तीस पास. सुनेनं बॅग परत माळ्यावर टाकली, अन टाकली ती अशी की दुकानातसुद्धा ऐकू आली.

*

पुढं काही दिवसांनी सुनंदाताई परत आल्या. तोंड गंभीर. गजाननला वाटलं, गेलं!

"मामा, खुर्च्या चांगल्या हायेत. पोट्टे वाचून राह्यले. अडचण अभ्यासिकेच्या चौकीदाराची हाये. त्यानंबी बसाले तुमचीच नवी खुर्ची घेतली. पह्यले त्याची खुर्ची करकर करे, तं गडी जागा हाये हे मले बाजूच्या घरी बसून समजे. आता आवाजच नाई! झोपला का जागा, काई कळत नाई. एक खुर्ची मले करकरणारी पायजे."

शरीफ विडी विसरला. गजानननं कटरचा डबा उघडला. आठचं कटर हातात धरलं, ठेवलं. पाचचं धरलं, ठेवलं. मग डबा बंद केला.

"ताई, त्या कामाचं कटर भेटत नाई," तो म्हणाला. "बाबा, तुमी हातानं करून द्या."

मी रंधा उचलला अन लय जोरात मारला.